आणताना मोडला, जोडला

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तसंही इथे डोंगरावर रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि कबुतरांनी टाकीवर जे करून ठेवलंय त्यात पाय ठेवण्यापेक्षा पत्र बरं.

तू सोडून गेलीस ती प्रयोगशाळा अजून जशीच्या तशी आहे. करवतीच्या खोलीतली मोरी अजून तुंबते. गुहेची मात्र रया गेली. पुढच्या दालनात पर्यटकांसाठी रंगीत दिवे लावलेत, आणि त्या उजेडाने भिंतींवर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलंय. खांबांना चघळलेले च्युइंगगम चिकटवलेत, त्यावर कोणाकोणाचे केस. एका प्रेमवीराने हजारो वर्षांच्या खांबावर खिळ्याने बदाम कोरलाय. मी नाकाला रुमाल लावून, खाली बघत आत जाते.

पण सांगायचं ते वेगळंच. तुमच्या वेळचा सात नंबरचा खुंट आठवतो? बाबा घड्याळं दुरुस्त करता करता अजून विचारतात, "तू दगड मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस?" मी त्यांना म्हटलं, गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं, त्यातला चुना खाली साचतो आणि थरावर थर चढून जमिनीतून लवणस्तंभ वर येतो. आम्ही त्याला खुंट म्हणतो. पाऊस पडला तर थेंब, थेंब पडला तर थर. म्हणजे तो पावसाची वहीच झाला. ते म्हणाले, "माझी घड्याळं बरी, निदान टिकटिक तरी करतात."

तुमच्या वेळी थरांचं नेमकं वय काढायची सोय इथे नव्हती, आता आहे. दंतवैद्याकडे असते तशा बारीक ड्रिलने मी सात नंबरमधून दर दोन मिलिमीटरला चिमूटभर पूड काढली. युरेनियमवरून वय कळतं, ऑक्सिजनवरून पाऊस. खालपासून सगळं सुरळीत, आठ वर्षांना एक मिलिमीटर. मग मध्ये, जिथे खुंट कधीतरी मोडून जोडलाय, तो जुना सांधा येतो. सांध्याच्या खाली तीन हजार आठशे वर्षं, वर तीन हजार चारशे. मधली चारशे वर्षं नाहीतच. आत्या, चारशे वर्षं त्या गुहेत थेंब पडला नाही. थोरल्या साहेबांच्या खुर्चीत आता बसलेले धाकटे साहेब याला महाअवर्षण म्हणतात आणि हात चोळत फिरतात. माझी नेमणूक जूनअखेरपर्यंतच आहे. हा लेख छापून आला की कायम करतो, असं त्यांनी तोंड भरून सांगितलंय.

जुनी नोंदवही काढली तर सात नंबरपुढे तुझं अक्षर, मोत्यासारखं. "आणताना मोडला. जोडला." मी ते पान इथल्या दोन मुलींना मुद्दाम दाखवलं. लेखात तुझे आभार मानायचेत. तो कसा मोडला, एवढं दोन ओळीत कळव.

तुझी,
चिचुंद्री


११ फेब्रुवारी

चि. चिचुंद्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कबुतरं, शेवाळ, दुसऱ्याच्या तोंडातला च्युइंगगम आणि त्यावरचे केस, एवढं सगळं तू मला सकाळच्या चहाबरोबर वाचायला लावलंस. कप तसाच ओतून दिला. तुझं अक्षर तुझ्या बापावर गेलंय, ते सुधार.

संस्थेकडून मलाही पत्र आलं आहे. थोरल्या साहेबांचा अर्धपुतळा बसवणार आहेत आणि जुन्या सहायकांनी आठवणी लिहाव्यात म्हणे. अर्धाच बसवताहेत ते बरं आहे, पुरा पाहवला नसता. त्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे तर मला शेजारणीकडून उसने आणावे लागतील. मी पत्र फाडलं.

सात नंबरचं म्हणशील तर तो सोड. सांध्याचा लेप मीच घातला होता, हलक्या प्रतीचा होता. तो आजूबाजूच्या थरांत झिरपला असणार आणि तुझी पूड भेसळीची असणार. गुहेतून आणलेले दुसरे वीस खुंट कपाटात पडले आहेत. त्यांतला एखादा घे. माझे आभार मानू नकोस, छापील कागदावर यायची मला हौस नाही.

खोकला नाही. गुडघे आहेत.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राने हिरमुसले, पण शंका घेतलीस म्हणून पुन्हा तपासलं. सांध्यापासून बोटभर दूरची पूड घेतली, दोन्ही बाजूंची. लेपाचा मागमूस नाही, तिथून हिशेब मांडला तरी सांध्याची वयं तीच. आणि तो तिथेच का मोडला याचंही उत्तर मिळालं. वाढ बराच काळ थांबली की वरचा थर मातकट होतो, मग नवा थर त्याला नीट धरत नाही. म्हणून खुंट मोडतो तो नेमका अशाच जागी. म्हणजे तो मोडला हाच अवर्षणाचा पुरावा. धाकटे म्हणाले, सोन्याहून पिवळं.

तू म्हणतेस तसा दुसराही घेतला होता, बारा नंबर. त्यात खंड नाही, थर सलग आहेत. धाकट्यांच्या मते त्याला वेगळ्या भेगेतून पाणी येत असणार, म्हणून तो लेखातून वगळला. ते मला फारसं रुचलं नाही, पण ते पंचवीस वर्षं गुहा बघताहेत आणि मी तीन.

रागावू नकोस, एक विचारते. थोरल्यांशी तुझं काहीतरी बिनसलं आणि तू सहा वर्षांनी संस्था सोडलीस. घरी सांगितलंस धुळीने खोकला होतो. आता तिथे माझं बरं चाललंय ते तुला सोसत नाही का? तसं नसेल तर मला माफ कर. पण तुझ्या पत्रात कारण कुठे नव्हतं, नुसतं नाक मुरडणं होतं.

लेख पंधरा मार्चला पाठवायचा आहे.

तुझी,
चिचुंद्री


२७ फेब्रुवारी

चि. चिचुंद्रीस,

लेख पाठवू नकोस. कारण मागू नकोस. आजवर मी तुला कधी वाईट सल्ला दिला असेल तर सांग.

आत्या


१९ मार्च

चि. चिचुंद्रीस आशीर्वाद.

तीन आठवडे तुझं उत्तर नाही. काल तुझा बाप आला होता. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाला, "ताई, पोरीचा लेख गेला. चारशे वर्षांचा दुष्काळ शोधला तिने." त्याला दुष्काळाचा एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तुझं आकड्यांचं पत्र पुन्हा काढलं.

आता नीट वाच, आणि एकटी असताना वाच.

सात नंबर आणताना मोडला नाही. गाठोड्यात गवत घालून तो मी स्वतः डोंगरावरून उतरवला होता. त्याला साधा ओरखडा नव्हता.

त्या वर्षी संस्थेत चार मोठे पाहुणे यायचे होते. सात नंबर घट्ट, मधाच्या रंगाचा. आडवा कापला की झाडाच्या बुंध्यासारखी कडी दिसायची. थोरले म्हणाले, "बाई, मधून चार चकत्या काढा आणि पॉलिश करा. टेबलावर कागद दाबायला छान." मी म्हटलं, "सर, हा अभ्यासाचा नमुना आहे." ते म्हणाले, "डोंगर भरलाय नमुन्यांनी." बोलता बोलता ते करंगळीच्या नखाने दात कोरत आणि निघालेलं निरखून बघत. ते नख अजून डोळ्यांपुढे आहे. पण बरं आहे ते नख. चाळीस वर्षं मी सगळी शिसारी त्या नखावर ढकलून मोकळी झाले. करवतीवर हात माझे होते.

चार चकत्यांना पाच वेळा पातं फिरवलं. पात्याखालून पांढरा चिखल वाहत होता. तो केसांत, भुवयांत, दातांखाली. मोरी तुंबली तेव्हा मी कोपरापर्यंत हात घालून ती उपसली. काल तुझ्या आकड्यांवरून हिशेब मांडला. चकती सेंटिमीटरभर जाड, म्हणजे ऐंशी वर्षं. चार चकत्यांची तीनशे वीस. पातं दर फेरीला दोन मिलिमीटर खायचं, पाच फेऱ्यांची ऐंशी. झाली तुझी चारशे. तीनशे वीस वर्षांचा पाऊस लोकांच्या कागदांवर बसला आणि ऐंशी वर्षांचा मी मोरीत घातला.

मग वरचा आणि खालचा तुकडा जोडला. कापलेल्या कडा गुळगुळीत दिसत होत्या, म्हणून थोरल्यांच्या सांगण्यावरून बाहेरून छिन्नीने टोचल्या. "वहीत काय लिहू?" विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिलं. तू ज्याला मोत्यासारखं म्हणालीस त्याच अक्षरात. पुढे कोणी तो मोजेल असं मनात आलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. मनात आलं होतं. वहीतल्या पानावर टीपकागद ठेवला आणि वही मिटली.

पहिली चकती कापताना कडेचा टवका उडाला होता. ती पाहुण्याला देण्याजोगी राहिली नाही, म्हणून तीन पाहुण्यांना चकत्या गेल्या आणि चौथ्याला शाल. टवका उडालेली थोरल्यांनी मला दिली.

मी ती घेतली. हे एवढं वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

वर्षभराने नोकरी सोडली. घरी खोकला सांगितला, कारण खोकल्याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. चकती तुझ्या बापाला लग्नात दिली. तुला ती ठाऊक आहे. घड्याळाच्या टेबलावर, त्याच्या कपाखाली असते ती. पाच वर्षांची असताना तू तिच्यावर बोट फिरवत कडी मोजायचीस आणि दर वेळी चुकायचीस. "ही पोरगी माझ्यावर गेली" असं मी कौतुकाने सांगत फिरले. करून सवरून नामानिराळी राहायची माझी कला बघ.

ती सर्वांत वरची चकती आहे. घेऊन जा आणि मोज.

माझा राग येईल. यावा.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

घरी जाऊन आले. बाबा भिंग डोळ्याला लावून बसले होते. कप उचलला, चकती घेतली. म्हणाले, "कुठे नेतेस?" म्हटलं, "धुवायला." म्हणाले, "तीस वर्षांत कोणी धुतली नाही. आज काय पाहुणे येणारेत?" पाहुणे म्हटल्यावर मला हसू फुटलं, मग हसू थांबेना, आणि बाबा घाबरले. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

चकतीवर चहाचा चिकट तपकिरी थर होता, त्यात मेलेली मुंगी आणि घड्याळाचा एक बारीक स्क्रू. कड्यांवर कपाची कडी. हे सगळं खरवडलं, मग मधोमध, जिथून खुंट वाढत होता तिथे, पाच ठिकाणी आरपार पूड काढली. काल वयं हातात आली. चकतीच्या वरच्या तोंडाला तीन हजार चारशे वीस, खालच्या तोंडाला तीन हजार पाचशे. ती वरचीच. ऑक्सिजनही पाहिला. मागच्यापुढच्यासारखाच पाऊस. कुठे थोडा कमी, कुठे बरा. अवर्षण वगैरे काही नाही. बारा नंबर खरं बोलत होता आणि आम्ही त्याला बाहेर काढला.

आता माझंही ऐक. सांधा बाहेरून खडबडीत होता, पण धाकट्यांनी खुंट उभा चिरून घेतल्यावर आतून तो सरळ दिसत होता. पट्टीने आखल्यासारखा. दगड असा मोडत नाही हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. मी तो पाहिला, भिंगाखाली पाहिला, आणि पुढे गेले. मला तिथे दुष्काळ हवा होता. तुला लिहिलेलं ते पत्र, "तो मोडला हाच पुरावा", आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

धाकट्यांकडे गेले. सांगितलं की सात नंबरची एक चकती सापडली आहे, लेख मागे घ्यावा लागेल. त्यांनी ती उचलून पाहिली, हात रुमालाला पुसले.

"ही सात नंबरची कशावरून?"

"वयं जुळतात. थर जुळतात."

"उद्या कोणी भाजीवाल्याच्या ताजव्यातला दगड आणेल, त्याचीही वयं जुळतील. वहीत काय लिहिलंय?"

"मोडला, जोडला."

"झालं तर. लेखी पुरावा तो आहे. तुम्ही बाई हुशार आहात. चार चकत्यांपायी एवढं काम पाण्यात घालू नका. जुलैपासून तुम्ही कायम."

आत्या, मी एकच चकती म्हटलं होतं. चार हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या काळी सगळेच करत. आणि ज्यांनी कापलं त्या काही सही करून देणार नाहीत. त्या शहाण्या आहेत."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कायम करतो म्हणताना माझ्या पाठीवरून मायेने फिरलेला त्यांचा हात आठवला आणि घरी येऊन साबणाने अंग घासलं. तरी गेलं नाही.

तुझी सही नसेल तर वही खरी आणि मी खोटी. मागत नाही. तुझं नाव आहे, तू शिकवलेल्या कॉलेजातल्या मुली आहेत. फक्त सांगितलं.

चिचुंद्री


९ एप्रिल

चि. चिचुंद्रीस आशीर्वाद.

सोबत दोन पानं आहेत. कोणी सांगितलं, कोणी कापलं, किती फेऱ्या, पातं केवढं, कडा कशाने टोचल्या, वहीतली ओळ कोणी लिहिली, चकती कोणी घेतली, कोणाला दिली. सही दोन्ही पानांवर आहे, शेजारच्या वकिलीणबाईंसमोर केलेली. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्षं झाली. हे कशाला उकरता?" मी म्हटलं, "उकरण्याचंच आमचं शास्त्र."

एक प्रत लेख जिथे पाठवलात तिथे मी परस्पर धाडली आहे. तुझ्या धाकट्यांच्या टेबलावरून ती पुढे गेली नसती. एक प्रत माझ्या कॉलेजला. मला कोणी शहाणी म्हटलेलं खपत नाही.

थोरल्यांवर सगळं ढकलायचा मोह फार झाला. मेलेल्या माणसाला काही म्हणता येतं. पहिला मसुदा तसाच होता, त्यात मी नुसती करवत होते. तो वाचला. फाडला. दुसऱ्यात वाक्यं लहान आहेत आणि बहुतेकांची सुरुवात "मी" अशी आहे.

मुलींचं म्हणालीस. एकतीस वर्षं मी प्रयोगाच्या तासाला एकच वाक्य सांगत आले, "जे दिसलं तेच लिहा." निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते चौकटीत घालून दिलं. दिवाणखान्यात, आल्यागेल्याला दिसेल असं लावलं होतं. काल उतरवलं. मागून झुरळं निघाली, सात की आठ, गुबगुबीत. म्हणजे बराच काळ सुखात होती. चपलेने मारली. भिंत पुसली. चौकट पुन्हा लावायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

तुझ्या बापाला मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस.

तुझी जागा जाईल. त्याची भरपाई माझ्याकडे नाही, आणि "देव भलं करेल" असलं काही मी लिहिणार नाही.

आत्या


२६ जून

प्रिय आत्या,

लेख रद्द झाला. तुझी पानं मासिकाकडे पोचल्यावर संपादकांनी धाकट्यांना चार प्रश्न विचारले, त्यांतल्या एकालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. अर्धपुतळा आला आहे. जिन्याखाली, झाडूच्या शेजारी, गोणपाटात आहे. बसवायचा की नाही यावर समिती नेमली आहे.

परवा माझा शेवटचा दिवस. धाकटे माझ्याशी बोलत नाहीत. बोलत होते तेव्हापेक्षा हे स्वच्छ वाटतं. बारा नंबरवर मी एकटीच्या नावाने छोटा लेख लिहिला आहे. त्यात दुष्काळ नाही, म्हणून कोणाला फारशी घाई नाही. दुसऱ्या एका डोंगरातल्या संस्थेने वर्षभरासाठी बोलावलं आहे. तिथेही गुहा आहे, तिथेही मोरी तुंबत असणार.

तुझ्या कॉलेजातल्या तीन मुली इथे आल्या होत्या, सात नंबर बघायला. एकीने विचारलं, "मॅडमनी स्वतः लिहून दिलं?" हो म्हटलं. दुसरी म्हणाली, "बाप रे, त्या तर आमचा अर्धा मार्कसुद्धा सोडत नसत." तिसरी सांध्याकडे बघत राहिली आणि तिचं तोंड आंबट झालं. ते तुला सांगावं की नाही याचा विचार करत होते. जे दिसलं ते लिहिलं.

बाबांनी मला फोन केला. म्हणाले, "ताईने सांगितलं. रडली नाही, पण पाणी दोनदा मागितलं." मग म्हणाले, "टेबलावर कपाचे डाग पडायला लागलेत. दगड परत कधी देतेस?" म्हटलं, "तो आता परत येणार नाही, बाबा." मग म्हणाले, "पडू देत डाग."

काल सात नंबरचा सांधा सोडवला. तुझा लेप हलक्या प्रतीचा मुळीच नव्हता, दोन तास लागले. दोन्ही तुकडे खाच्यांच्या लाकडी ट्रेमध्ये आडवे ठेवले, मोजून पाच सेंटिमीटर अंतर सोडून. वरच्या तुकड्याला धरून दोन मिलिमीटर सोडले आणि तुझी चकती ठेवली. कडेच्या टवक्यासकट ती नीट बसली. मधाचा रंग सलग पुढे जातो आणि एकदम थांबतो. पुढे दोन बोटं नुसतं लाकूड आहे. तीन चकत्या कोणाच्या टेबलांवर आहेत, कोणाच्या अडगळीत, ठाऊक नाही. ती जागा मी कशानेही भरली नाही.

नोंदवही काढली. तुझी ओळ खोडली नाही. तिच्याखाली माझ्या वाईट अक्षरात लिहिलं:

"मोडला नव्हता. कापला होता. चारांतली एक चकती परत आली. बाकीच्यांची वाट पाहणे."

खाली तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

तुझी,
चिचुंद्री